कसाले जोयजे

नवा फोन घेतला. शिलाईच्याच पैशांतून,
बोरसेबाईंचे पडदे आणि लग्नसराईचे ब्लाउज मिळून.
दुकानदाराने काच पुसून दिली, कव्हर फुकट दिलं,
आणि घरी आल्यावर फोन म्हणाला,
पासवर्ड टाका.

मे महिन्यातलं देवपूर. दुपारचे दोन.
रस्त्यावर कुत्रंही नाही.
कुलरच्या वाऱ्यात हे आडवे,
तोंडावर कालचा पेपर.
"अहो, वायफायचा पासवर्ड काय ठेवला होता आपण?"
पेपराखालून आवाज, "कसाले जोयजे?"

कशाला पाहिजे म्हणे.
शालिग्रामभाऊंच्या सुनेने गळ्याचं डिझाइन पाठवलंय,
ते उतरत नाही, नुसतं गोल गोल फिरतंय,
आणि परवा तिची हळद आहे, म्हणून पाहिजे.
बोलले नाही. तोंडात टाचण्या होत्या.

नाशिकहून यामिनी फोनवर,
"आई, राउटर उलटा कर, बुडाशी चिठ्ठी असते."
होती. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी अक्षरं.
चष्म्यावर भिंग धरून वाचली, टाकली.
चुकीचा पासवर्ड.
"मग बसवणाऱ्याने बदलला असेल. आठव ना."

आठवला. म्हणजे आठवून पाहिला.
तिची जन्मतारीख. यांच्या स्कूटरचा नंबर. गॅसचा ग्राहक क्रमांक.
मापाच्या वहीत चार वर्षांमागची पानं चाळली,
छाती छत्तीस, बाही साडेनऊ,
पुष्पाबाई, मागच्या गल्लीतल्या, तीनशे बाकी.
पासवर्ड नाही.
पण तीनशे बाकी!

मग जुना फोन काढला बटणांच्या डब्यातून,
काच तडकलेली, कोपऱ्यात एक हूक अडकलेलं.
चार्जरला लावला. जागा झाला,
आणि कुणी न सांगता वायफायची खूण वर उगवली,
सुटलेलं वासरू आपल्या गोठ्यात शिरावं तशी.
म्हणजे याला माहीत आहे.
याला माहीत आहे, आणि हा म्हणतो, आधी बोट लाव.
लावलं. ओळखलं नाही.
चाळीस वर्षं सुई ढकलून या बोटावर रेघ उरलीय कुठे,
आधारच्या वेळीही त्या पोराने लिंबू चोळायला लावलं होतं.
नक्षी काढून उघडावा, तर नेमकी फुटक्या जागी
नक्षी अडते.

"तुम्हाला खरंच आठवत नाही?"
पेपर जरा वर झाला. "कसाले जोयजे व?"
कात्री टेबलावर जरा जोरात ठेवली मी.

राहिला यामिनीचा कॉलेजातला लॅपटॉप.
बॅटरी मेलेली. प्लग हलला की हाही मरतो,
म्हणून प्लगवर इस्त्री टेकवून ठेवली, थंड.
ती तिकडून सांगत गेली, मी इकडे दाबत गेले,
हे उघड, ते उघड, खाली जा, अजून खाली,
माझ्याच घरात मी पाव्हणीसारखी.
शेवटी ठिपक्यांची एक ओळ आली,
कच्ची टीप घातल्यासारखी, अकरा टाके.
शेजारी एक डोळा.
"त्या डोळ्यावर दाब, आई."

के ए एस ए एल ई
जे ओ वाय जे ई

आधी वाटलं, इंग्रजी असेल.
मग ओठ हलले, आणि हिरामण बागुल दिसला,
शिडीवर, दातांत वायर धरलेला,
विचारत होता, ताई, पासवर्ड काय टाकू?
मी काही म्हणायच्या आत
महिन्याच्या पाचशे रुपयांवर चिडलेले हे, ओट्यावरून,
"कसाले जोयजे!"
त्या गरिबाने तेच टाकलं.

म्हणजे दुपारपासून मी मागत होते
आणि हे देत होते.

गळा उतरला. पाठ खोल, नाडीला मण्यांचं लटकन,
अस्तर वेगळं आणावं लागणार.
"भेटला का?" पेपराखालून.
मी टाचण्या डबीत ठेवल्या, तोंड मोकळं केलं
आणि म्हटलं, "कसाले जोयजे?"

पेपर हलला.
कुलरने हलला असेल.
मी नव्या फोनवर पहिला निरोप लिहायला घेतला,
पुष्पाबाईला.